पाणी पूजण्याआधी

अयोध्याला जिची धास्ती वाटत नाही अशी वस्तू शेतातल्या त्या आखाड्यावर शोधूनही सापडली नसती. चुलीतला निखारा, गाईचं शिंग, आढ्याची पाल, सासऱ्यांच्या बंडीतला अडकित्ता, सगळ्यांवर तिचा डोळा असायचा. पण या सगळ्या धास्तींत थोरली म्हणजे अंगणापलीकडची विहीर. जुनी, दगडात बांधलेली, एका अंगाने पायऱ्या उतरत गेलेली, आणि कठडा म्हणाल तर गुडघ्यालाही लागणार नाही एवढा. लेक अजून मान धरत नव्हती. तरी अयोध्या तिला मनातल्या मनात रांगताना बघायची, आणि ती पोरगी दर वेळी रांगत रांगत नेमकी विहिरीकडेच जायची.

पहिलं बाळंतपण माहेरी, मुरूडला व्हायचं. पण ऐन वेळी आईचा हात मोडला आणि लातूरच्या दवाखान्यातून अयोध्या बाळाला घेऊन सरळ सासरी आली. अहमदपूरच्या अलीकडे, डांबरी सोडून आत, शेतातल्या घरी. नवरा हनुमंत अहमदपूरच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेबाला बसायचा आणि संध्याकाळी मोटरसायकलवर परत यायचा. दिवसभर ती, सासू सुभद्राबाई आणि सासरे भगवानराव. सुभद्राबाईंनी बाळंतपण असं केलं की आईनेही केलं नसतं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं, आणि वर सुनेचं पाणी उकळण्याचं वेडही सांभाळणं. ती एकदा उकळलेलं पाणी पुन्हा उकळायला ठेवायची, तेव्हा सुभद्राबाई काही न बोलता चुलीत आणखी एक लाकूड सारायच्या. भगवानराव तर नातीला नावाने हाकच मारत नसत. बारशाला तिचं नाव ईशानी ठेवलं होतं. ते तिला मालकीणबाई म्हणत आणि तिच्यासमोर आवाजही खाली ठेवत.

दवाखान्यातून निघतानाच अयोध्याने हनुमंतला सांगून टाकलं होतं, की घरात येईन, राहीन, पण ती विहीर बुजवा, दुसरं काही मागत नाही. हनुमंत हो म्हणाला. सासरे आडवे येतील असं तिला वाटत होतं, कारण विहीर त्यांच्या आजोबांनी खणलेली. पण भगवानरावांनी नुसती मान खाजवली आणि म्हणाले, बुजवू, बोअर हायच की आता. खरंच होतं ते. दोन वर्षांपूर्वी विहिरीजवळच्या उंबराखाली बोअर मारला, त्यावर ऊस केला, आणि तेव्हापासून विहिरीत कुणी डोकावलंही नव्हतं. पुढच्याच आठवड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या आणि मुरुमाचा ढीग विहिरीच्या काठाशी येऊन पडला.

सुभद्राबाईंची अट एकच होती. आधी पाणी पूजायचं, मग काय ते करा.

सव्वा महिना झाला की बाळंतीण विहिरीवर जाते. काठावर पाच खडे मांडून त्यांना हळद-कुंकू लावते, पाण्याची ओटी भरते आणि भरली घागर कडेवर घेऊन घरात येते. त्या दिवसापासून ती घरात पुन्हा मोकळी. सुभद्राबाईंनी हनुमंतच्या वेळी याच विहिरीवर पूजा केली होती, त्यांच्या सासूने भगवानरावांच्या वेळी. झऱ्याच्या पाण्यापुढं ओटी भरली की बाईला दूध कमी पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. अयोध्याने लातूरला वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेलं, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण बाळाचं पोट भरतंय की नाही या काळजीने तिची झोप उडालेली असताना दुधाबद्दल कुणी काहीही म्हटलं तरी ती कान देऊन ऐकायची.

पूजेला थोडे दिवस राहिले असताना सुभद्राबाई पायऱ्या झाडायला म्हणून विहिरीत उतरल्या आणि केरसुणी तशीच हातात घेऊन वर आल्या. अयोध्याने बाळाला त्यांच्याकडे दिलं आणि पायऱ्यांच्या बाजूने, काठापासून चांगलं लांब उभं राहून मान पुढे काढून पाहिलं.

तळाशी नुसता चिखल होता, तोही भेगाळायला लागलेला. एका कोपऱ्यात दगडाच्या फटीतून पाण्याची एक बारीक रेघ खाली आली होती, आणि विहिरीतले असतील नसतील तेवढे बेडूक त्या रेघेशी एकमेकांवर चढून बसले होते. ती लग्न होऊन आली तेव्हा निम्म्या पायऱ्या पाण्यात होत्या. भिंतीच्या सांदीसांदीतून हंसराज लोंबत होता, काळ्या देठांचा, नाजूक हिरवा नेचा. कॉलेजात तिने हंसराज कागदावर चिकटवून खाली त्याचं लॅटिन नाव लिहिलं होतं, 'ओलसर दगडी भिंतींवर आढळतो' असंही लिहिलं होतं, आणि मार्क मिळवले होते. भिंत ओलसर कशाने राहते हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिलाही तो प्रश्न पडला नव्हता. आता तो हंसराज चहाच्या चोथ्यासारखा भिंतीला चिकटून होता.

बातमी शेजारच्या भामाबाईपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ती शेळ्या घेऊन आली आणि तिथेच बसून तिने मार्ग काढला. हल्ली बाया बोअरच्या पाइपालाच कुंकू लावतात म्हणाली. तिच्या भाचीने तर उदगीरला गच्चीवर चढून प्लास्टिकच्या टाकीची ओटी भरली होती, नारळ टाकीवर फोडता येईना म्हणून शेवटी जिन्यावर फोडला. सगळ्या हसल्या. सुभद्राबाईही हसल्या, आणि मग म्हणाल्या, "टाकीत काय झरा असतो का गं, भामा?" त्यावर भामाबाईने विषय बदलला. ओढ्यातल्या डोहाला गेल्या वर्षापासून उन्हाळ्यात पाणीच राहत नाही, शेळ्या कुठं पाजाव्यात, असं गाऱ्हाणं करत ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानरावांनी उसाचा पाइप सोडला, ओढत आणला आणि त्याचं तोंड विहिरीत सोडलं. बोअर चालू केला. जाड धार दगडावर आपटायला लागली तसे बेडूक उधळले. त्यांनी आधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. अयोध्याने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, मालकीणबाईचा कार्यक्रम कोरड्या हिरीवर व्हायचा न्हाई, भरून ठेवतो. उसाला दोन दिवस पाणी नसलं तर काय तो मरतो काय. आणि आपणच केलेल्या युक्तीवर खूश होऊन तंबाखू मळत उंबराखाली बसले.

पत्रे तापले की खोलीत जीव राहायचा नाही, म्हणून बाळंतिणीला खोलीबाहेर पडू न देण्याचा नियम सुभद्राबाईंनी उंबराच्या सावलीपर्यंत सैल केला होता. उंबराला पाळणा टांगलेला. अयोध्या तिथे बसून बाळाला पाजायची आणि पायऱ्यांच्या उघड्या अंगाने विहिरीत बघायची. तिचं बघणं म्हणजे बाळ किती वेळ प्यालं, लंगोट किती ओले झाले, ओठ सुकलेत का, टाळू खोल गेली का, अशा सगळ्या गोष्टींवर एकाच वेळी नजर ठेवणं. त्याच नजरेने तिला विहिरीतली एक गोष्ट खटकायला लागली. सकाळपासून धार पडतेय, आणि तळातला कालचा ओला डाग आहे तिथेच आहे. दुपारी पाहिलं, तेवढाच. धारेच्या खाली थोडं पाणी डुचमळायचं आणि चिखलाच्या भेगांत नाहीसं व्हायचं.

शेतीची लाईट गेली तशी धारही थांबली. बाळ झोपलं होतं, म्हणून ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिला दिसलं की कोपऱ्यातल्या फटीतून ती बारीक रेघ पुन्हा खाली यायला लागलीय. सकाळी बोअर चालू झाल्यापासून ती बंद होती, हे तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पाहिलं. लाईट आली, बोअर घरघरला, रेघ आटली. लाईट गेली, रेघ आली. बेडकांना हे तिच्या आधी कळलेलं असावं. लाईट गेली की ते एकेक करून त्या कोपऱ्याशी येऊन बसायचे.

आणि वर पाहिलं तर पिवळी पानं गळत होती. वैशाखात उंबर असा कधी नसतो. खोडाला लगडलेली फळं हरभऱ्याएवढी होऊन वाळलेली. मागच्या साली याच दिवसांत इथे पाखरांनी एवढा दंगा मांडला होता की तिला दुपारी झोप लागत नव्हती.

लाईट परत आल्यावर भगवानराव पाइपाचं तोंड जरा इकडे, जरा तिकडे करून बघत होते. ती बाळाला खांद्यावर घेऊन उठली.

"मामा, हे पाणी जातंय कुठं?"

"कुठं म्हंजे? हिरीत."

"विहिरीत दिसत नाही ते."

"मुरायलंय. तहानलेली हाय ती, पहिलं पाणी पिणारच की."

"मुरून कुठं जातंय पण?"

"जमिनीत. आन् कुठं जाईल?"

"आणि बोअरमधून आपण काढतोय, ते कुठलं?"

भगवानरावांनी पाइप हलवायचा थांबवला. विहिरीकडे बघितलं. मग मान वळवून उंबराखालच्या बोअरकडे बघितलं. दोन्हींच्या मध्ये एखादी बैलगाडी उभी राहील एवढीच जागा होती.

"म्हंजे काल सकाळधरनं मी," ते सावकाश म्हणाले, "हिथनं काढून तिथं वततो, आन् ते तिथनं पुन्हा हिथं येतंय."

"बहुतेक तसंच."

"घाण्याच्या बैलावानी पाणी फिरवायलाव म्हण की."

आणि ते हसायला लागले. आधी नुसतं पोट हललं, मग खोकला लागला, मग डोळ्यांतून पाणी. आवाजाने बाळ दचकलं, तसे त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि हातांच्या आड हसत राहिले. अयोध्यालाही हसू आवरेना. सुभद्राबाई दारातून ओरडल्या, की सासरा-सून मिळून तिथं काय करायलेत, पोरीला ऊन लागेल.

हसू ओसरल्यावर भगवानराव उंबराखाली टेकले. बोअरची जागा कशी ठरली ते त्यांनी सांगितलं. पाणी बघणारा हातावर नारळ उभा धरून सगळं रान फिरला आणि उंबराखाली आल्यावर नारळ पडला. नारळ नसता तरी त्यांनी तिथंच घेतला असता. उंबर हाय तिथं खाली पाणी हाय, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"उंबर पाण्यावर उभा आहे म्हणून आपण तिथं बोअर मारला," अयोध्या म्हणाली. "मग उंबरानं कशावर उभं राहायचं, मामा?"

एक वाळकं फळ उचलून त्यांनी बोटांत चुरलं. मग जाऊन बोअर बंद केला, पेटीतला फ्यूज काढून बंडीच्या खिशात टाकला आणि पाइप ओढत परत नेला. पूजेपर्यंत बोअर फक्त घरापुरता, सकाळी हंडे भरेपर्यंत चालेल, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं.

संध्याकाळी हनुमंतला हे कळलं तेव्हा तो बूटही न काढता उंबऱ्यात उभा राहिला. ऊस आधीच तहानेला आलाय, भर उन्हाळ्यात तोडलं पाणी तर बुडख्यांतून फुटलेला हा खोडवा हाती लागणार नाही. रागावला तरी त्याचा आवाज बाळाच्या पाळण्याच्या वर जात नसे. तो अयोध्याकडे वळून म्हणाला, "बरं, हे कशासाठी? पूजा झाली की दुसऱ्या दिवशी मुरूम ढकलायचाय ना आत? तूच म्हणलीस बुजवा."

ती म्हणालीच होती. बाळाला उचकी लागली म्हणून तिने खाली मान घातली आणि पाठ चोळत राहिली. तिला अजूनही ती रांगती पोर दिसत होतीच. आता फक्त त्या रेघेशी दाटीवाटीने बसलेले बेडूकही दिसत होते, आणि दोन्ही एकदम डोळ्यांपुढे आले की काय करावं ते सुचत नव्हतं. पूजा तर होऊ द्या, एवढंच ती शेवटी म्हणाली. भगवानरावांनी ताटातली भाकरी मोडत लेकाला सांगितलं, की आधी मालकीणबाईचं, मग तुझ्या उसाचं.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. अयोध्या दर पाजण्यानंतर जाऊन बघायची आणि खजील होऊन परत यायची. शिकल्याचा शहाणपणा करून सासऱ्यांचा ऊस वाळवला, असं उद्या सगळे म्हणतील. दुसऱ्या दिवशी रेघ करंगळीएवढी झाली. मग तिच्या खाली परातीएवढं डबकं साचलं. मग डबक्याची कड पुढे सरकली आणि चिखलातल्या भेगा एकेक मिटत गेल्या. बेडूक पांगले. एका सकाळी काठावर दोन पारवे येऊन मान वाकडी करून आत बघताना दिसले, अगदी तिच्यासारखेच.

त्याच दिवशी भामाबाई शेळ्या हाकत आली ती नवल सांगतच. ओढ्यातल्या डोहाची वाळू ओली झालीय. हाताने उकरलं तर पाणी लागतंय. वर कुठंतरी मोठा पाऊस झाला असणार, ती म्हणाली, नायतर असं कधी होतंय का उन्हाळ्यात. अयोध्याने भगवानरावांकडे बघितलं. त्यांनी खिशातला फ्यूज चाचपला, आणि झाला असंल, झाला असंल पाऊस, म्हणाले.

पूजेच्या दिवशी विहिरीत गुडघाभर पाणी होतं. भामाबाई, वस्तीवरच्या महादेवीकाकू आणि आणखी चार-सहा बाया आल्या. अयोध्या हिरवं लुगडं नेसली. बाळ आजोबांच्या मांडीवर, काठापासून पार लांब, तिने स्वतः जागा दाखवून बसवलेलं. पाच खडे मांडले, हळद-कुंकू वाहिलं, घुगऱ्या वाटल्या. मग घागर घेऊन ती पायऱ्या उतरायला लागली. मागे सुभद्राबाई, त्यांचा तळहात तिच्या पाठीवर. बाळाला तेल लावताना असायचा तसाच ऊन आणि खरखरीत.

खाली गेल्यावर गारवा अंगाला लागला. शेवटच्या पायरीवर ती वाकली आणि थबकली. पाण्याच्या कडेला एक दिवड अंगाची वेटोळी करून पडली होती आणि तिची नजर एका बेडकावर होती. अयोध्याच्या हातातली घागर दगडावर वाजली. वरून बाया विचारायला लागल्या काय झालं, काय झालं. सुभद्राबाईंनी खांद्यावरून बघितलं.

"बिनविषारी हाय ती. तुझ्या आधीपासनं हितं नांदती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मेली असंल."

दिवडीने जरा वाट पाहिली आणि संथपणे दगडाच्या फटीत निघून गेली. बेडूक पाण्यात उडी टाकून दिसेनासा झाला. घागर बुडवताना अयोध्याला जाणवलं की आपण अजून घाबरलेलो आहोत, आणि तरी इथून लगेच वर जावंसं वाटत नाहीय. फटीफटीतून पाणी येत होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, हात लावला की कळत होतं. हंसराज तसाच वाळलेला होता. पण एका ठिकाणी, झऱ्याच्या अगदी ओठावर, मुठीत आवळल्यासारखा एक हिरवा कोंब होता. तिने तो सुभद्राबाईंना दाखवला. त्यांना तो दिसला नाही. त्यांनी दिसला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरूम ढकलायला ट्रॅक्टर आला. हनुमंत मोंढ्यात न जाता थांबला होता. ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवूनच कुठून सुरू करू विचारलं, आणि हनुमंत बायकोकडे बघायला लागला. भगवानराव उंबराला टेकून जमीन बघत होते. या घरात तिने मागितलेली एकच गोष्ट होती, आणि ती नको असं तिच्याशिवाय दुसरं कुणी म्हणणार नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं.

"आत नको," ती म्हणाली. "भोवतीनं टाका. कठड्याला भर होईल."

"म्हणजे बुजवायची न्हाई?" हनुमंतने विचारलं.

"नाही. पण मला कठडा पाहिजे, माझ्या छातीएवढा. पायऱ्यांना फाटक पाहिजे. आणि वरून जाळी. आणि हे सगळं ती रांगायच्या आत."

हनुमंतने ट्रॅक्टरवाल्याला हात केला. सुभद्राबाई आत निघून गेल्या, बहुतेक डोळे पुसायला, कारण चहा ठेवायला गेल्या म्हणाव्यात तर चहा काही आला नाही. उसाचं मात्र असं झटकन मिटलं नाही. बोअर दिवसाआड चालवायचा की खोडवा मोडून पावसाळ्यात तूर पेरायची, यावर बापलेकांचं रोज जेवताना बोलणं व्हायचं, आणि रोज ते भाकरी संपेपर्यंतच टिकायचं. फ्यूज भगवानरावांच्या खिशातच राहिला.

जाळीसाठी अहमदपूरहून वेल्डिंगवाले दस्तगीरभाई माप घ्यायला आले. टेप लावून विहिरीचं तोंड मोजलं, आकडे वहीत मांडले आणि गजांमध्ये फट किती ठेवू विचारलं. अयोध्या बाळाला घेऊन उभी होती. तिने बाळाच्या डोक्याकडे बघितलं, मग विहिरीच्या भिंतीकडे, जिथे पारव्यांनी एका सांदीत काड्या आणून टाकायला सुरुवात केली होती.

"पोराचं डोकं जायला नको," ती म्हणाली. "आणि पाखरं जायला पाहिजेत."

दस्तगीरभाईंनी पेन्सिल कानावर ठेवली. "ताई, इतकी वर्षं जाळ्या करायलोय. पाखराचं माप कुणी दिलं न्हाई अजून. चिमणीचं धरू का साळुंकीचं?"

"पारव्याचं धरा," मागून भगवानराव म्हणाले. "सगळ्यांत जाड तोच हाय."